मामाजींचं नाव

टीव्हीवर बक्षिसाचा कार्यक्रम लागला की मी उठून जाते. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. सून म्हणते, "आई, बसा ना, शेवटचाच प्रश्न आहे," आणि मी आत जाऊन उगाच डाळीचे डबे पुसत बसते. चकचकीत कोटातला एक माणूस, त्याच्यासमोर घाम पुसणारा एखादा गरजू जीव आणि मागे इशारा झाला की टाळ्या पिटणारी माणसं, हे तिन्ही एकत्र दिसलं की मला मळमळतं. लोकांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही, पण त्या घाम पुसणाऱ्याच्या खुर्चीत मी बसून आलेली आहे.

माझं माहेर सुलतानपूरचं, लोणारजवळचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी बारावी झाले तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच होतं, पोरगी डी.एड. करून मास्तरीण व्हावी. माझ्याही डोक्यात तेच होतं. पण स्थळ आलं नांदुऱ्याचं आणि चांगलं आलं. सासऱ्यांची बाजारात धान्याची अडत, वरवट बकालला ओलिताची शेती, घरात एकुलता एक मुलगा. बोलणी करायला आलेले सासरे, ज्यांना मी पुढं मामाजी म्हणू लागले, आमच्या ओसरीवर मांडी ठोकून म्हणाले होते, "पोरीले शिकाचं असन तं शिकवू. आमी काय जुन्या इचाराचे लोक आहोत का?" वडील त्या एका वाक्यावर खूश झाले. लग्न झाल्यावर त्या वाक्याला शेपूट फुटलं. डी.एड.च्या कॉलेजात तेव्हा देणगी भरावी लागायची. मामाजी म्हणाले, "शीक ना. मी कुठं नाही म्हणतो? तुह्या पैशानं शीक."

माझे पैसे कुठून येणार होते? आठवडी बाजाराच्या भाजीचे पैसेसुद्धा सासूबाई पदराच्या गाठीतून काढून मोजून देत. नवरा वाईट नव्हता. फक्त वडिलांसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. त्याला काही सांगितलं की "जाऊ दे ना" म्हणायचा. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या घरात एक रीत होती आणि तिच्याविषयी आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. हे तर आमच्याकडं सगळ्याच घरांत होतं, माझ्या आईनंही कधी घेतलं नाही. पण नांदुऱ्याच्या या घरात ते फारच कडक होतं. मामाजींचं नाव महाभारतातलं. त्या नावाचा कुणी शेजारी असो, बैल असो की दुकान असो, तोंडातून तो शब्द निघता कामा नये. नवी नवरी असताना मी सासूबाईंना पेपर वाचून दाखवत होते. त्यांना वाचता येत नव्हतं आणि ऐकायची हौस दांडगी होती. कुठल्याशा कुस्तीची बातमी होती आणि जिंकलेल्या पैलवानाचं नाव नेमकं तेच निघालं. मी वाचून मोकळी झाले. सासूबाईंनी माझ्या हातातून पेपर ओढला, अंगणातल्या निंबाची डहाळी मोडून आणली आणि शेजारणी बघत असताना मला तो पाला चावायला लावला. गिळायलाही लावला. वर म्हणाल्या, "जिभेले आता ध्यानात राह्यीन."

जिभेच्या खरंच ध्यानात राहिलं. चातुर्मासात मीच सासूबाईंना पोथी वाचून दाखवायची. ते नाव आलं की त्या जागी "आपले मोठे" म्हणायचं असं ठरलेलं. त्यामुळं आमच्या घरच्या महाभारतात "आपले मोठे" रथावर चढायचे, "आपले मोठे" बाण मारायचे. मामाजी बाहेर खाटेवर पडून ते ऐकत आणि मिशीत हसत. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर सवय झाली. इतकी झाली की मनातल्या मनात वाचतानासुद्धा तो शब्द गळायला लागला. मामाजींचं नाव मी इथंही लिहिणार नाही. आता निंबाच्या पाल्याची भीती नाही. पण त्यांना आपलं नाव छापून आलेलं बघायची फार हौस होती, ती माझ्या हातून पुरी व्हायला नको.

तर अशा घरात टीव्ही आला. त्या वर्षी कापसाला भाव बरा मिळाला होता. लाकडी शटरचा काळापांढरा संच आणि गच्चीवर उंच काठीला बांधलेला अँटेना. गल्लीत पहिला आमचाच. संध्याकाळ झाली की बैठकीत सतरंजी अंथरायची आणि लोक यायचे. मामाजी खुर्चीवर बसत आणि आपणच सगळं दाखवतोय अशा थाटात मधून मधून शटर पुसत.

तेव्हाच तो कार्यक्रम सुरू झाला. एका लॉटरीवाल्यांचा होता. पानठेल्यावर तिकीट मिळायचं. तिकिटाच्या अर्ध्या भागावर नाव-पत्ता लिहून ठेल्यावरच्याच पेटीत टाकायचा. त्यांतून सोडत निघायची आणि जिचा किंवा ज्याचा नंबर निघेल त्याला स्टेजवर बोलवून पाच प्रश्न विचारायचे, घंटा वाजायच्या आत उत्तर द्यायचं. पाचही उत्तरं बरोबर आली तर मोठी रोख रक्कम. एक जरी चुकलं तर सगळं गेलं. दर रविवारी संध्याकाळी आख्खी गल्ली आमच्या बैठकीत बसून उत्तरं ओरडायची. मी आत भाकरी थापता थापता उत्तरं द्यायची आणि ती बरोबर यायची. नवऱ्यानं एकदा बाहेर सांगितलं, "आतून आवाज येते ते सगळे बरोबर येऊन राह्यले." मामाजींच्या कानावर ते पडलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिकीट घेतलं ते माझ्या नावानं. कूपन स्वतःच्या हातानं भरलं. सासूबाईंना म्हणाले, "सुनेच्या पायानं लक्ष्मी येते म्हणतात. पाहू तं येते का." त्यानंतर दर आठवड्याला तिकीट. हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवायचं आणि मग ठेल्यावरच्या पेटीत. मला कुणी विचारलं नाही. माझ्या नावाचा तेवढाच उपयोग त्या घराला सुचला होता.

आणि नंबर लागला. पोस्टमननं पत्र आणून दिलं तेव्हा मामाजींनी आधी चौकात जाऊन पेढे वाटले आणि मग घरी येऊन मला सांगितलं. आमच्या भागाचं शूटिंग अकोल्याच्या एका नाट्यगृहात होणार होतं. ज्याच्या नावाचं कूपन त्यानंच स्टेजवर यायचं, अशी अट होती. मामाजींनी ठेलेवाल्याकडं जाऊन विचारूनही पाहिलं, सुनेऐवजी सासरा चालेल का म्हणून. चालणार नव्हता. तेव्हा कुठं त्या घरात कुणाला माझी गरज पडली.

मी ती संधी सोडली नाही. जेवायला वाढताना, सासूबाई आणि नवरा समोर असताना म्हटलं, "मामाजी, जिंकले तर ते पैसे माझे ना? डी.एड.चे?"

मामाजींचा घास थांबला. मग म्हणाले, "हाव. तुह्या पैशानं शीक म्हटलं होतं न मी? जिंक अन् शीक. मी शब्दाचा पक्का माणूस आहे."

मी मरमर अभ्यास केला. माहेराहून वडिलांनी सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठवली. चुलीपुढं बसून राजधान्या, नद्या, शोध, राजे पाठ केले. नवरा दुकानातून आला की माझी परीक्षा घ्यायचा. तेवढे दिवस त्याच्याबरोबर राहायला बरं वाटलं.

अकोल्याला मी, नवरा आणि मामाजी असे तिघं पॅसेंजरनं गेलो. मामाजींनी स्टार्च केलेलं धोतर, काळा कोट आणि नवी कोरी टोपी घातली होती. लग्नातसुद्धा त्यांनी एवढी तयारी केली नव्हती. नाट्यगृहात पोचलो तर आधी एक माणूस सगळ्या प्रेक्षकांना शिकवत होता. त्यानं रुमाल हलवला की टाळ्या. दोन्ही हात वर केले की हसायचं. लोकांनी आनंदानं तालीम केली. शेजारच्या गावांतून खटारे करून आलेली शहाणीसुरती माणसं, वर झालेले हात बघून हसत होती. मला तिथंच पहिल्यांदा किळस आली.

मग तो कार्यक्रमवाला आला. तोंडाला पावडर थापलेली, अंगाला अत्तराचा भपका, आणि बोलणं असं की जणू सगळ्या जगावर उपकार चाललेत. माझ्या आधी वाशीमकडचा एक किराणा दुकानदार होता. साधा माणूस. पहिलाच प्रश्न चुकला. कार्यक्रमवाला म्हणाला, कोंबड्यासारखं आरवून दाखवा, साबणाचा पुडा देतो. तो माणूस इकडंतिकडं बघत राहिला. खाली त्याची बायको आणि दोन पोरी बसल्या होत्या. शेवटी आरवला. हात वर झाले आणि नाट्यगृह हसलं. मामाजी तर गुडघ्यावर थाप मारून हसले. साबणाचा पुडा घेऊन तो माणूस पायऱ्या उतरला तेव्हा त्याच्या पोरी खाली मान घालून बसल्या होत्या, ते मला अजून दिसतं.

मला बोलावलं. कुठल्या गावच्या, काय करता, असं विचारलं. मी जपून, पुस्तकातल्या मराठीत बोलत होते. मला वाटलं होतं मास्तरीण होणार आहे, तर तसं बोलावं. तो म्हणाला, "ताई, असं नाही, तुमच्या भाषेत बोला ना, मले-तुले करा." आणि स्वतःच "मले काय माहीत" असं वेडंवाकडं तोंड करून म्हणून दाखवलं. रुमाल हलला. सगळं वऱ्हाड बसलं होतं खाली आणि स्वतःच्याच बोलीची टिंगल ऐकून टाळ्या पिटत होतं. मी दात आवळून उभी राहिले.

प्रश्न सोपे होते. भारताचा पहिला उपग्रह कोणता, हे तर शाळेतली पोरं सांगतील. एक प्रश्न आमच्या लोणारच्या सरोवराचा निघाला, कशानं झालं म्हणून. उल्का पडून झालं, हे मी तो प्रश्न पुरता विचारायच्या आत सांगितलं. माझं बालपण त्याच्याच आसपास गेलेलं. चार उत्तरं बरोबर आली. नवरा पहिल्या रांगेत खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता. मला कॉलेजचं फाटक दिसायला लागलं.

पाचवा प्रश्न महाभारतातला होता. तो काय होता ते सांगत नाही, सांगितला तर तुम्ही लगेच उत्तर द्याल आणि नाव फुटेल. इतका सोपा प्रश्न होता. शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द म्हणजे मामाजींचं नाव.

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आपले मोठे."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही. मग त्यानं विचारलं, "मोठे? कोण मोठे, ताई?" आणि दोन्ही हात वर झाले, नाट्यगृह खदखदून हसलं.

मी म्हटलं, "मला उत्तर येतं. ते माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. मी घेऊ शकत नाही. पाटी द्या, लिहून देते."

"लिहून चालत नाही, ताई. नियम आहे. माईकमध्ये बोलायचं."

"मग तुम्ही चार नावं म्हणा, मी बरोबर नावाला मान हलवते."

"तसंही नाही. उखाण्यात घ्या की!"

"सासऱ्याचं नाव कुणी उखाण्यात घेतं का?" मी चिडून म्हटलं. त्यावर जो हशा झाला त्याला कुणी हात वर करायचीही गरज पडली नाही.

मी प्रयत्न केला, हे मला सांगायचंय. मनात म्हटलं, हा एक शब्द आहे, माणसांनी ठेवलेला, पोथीत छापलेला. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटून बसली. खरंच कडू लाळ सुटली तोंडात. देवाधर्माची भीती वगैरे काही नव्हती मला. एखाद्याला पाण्यात श्वास घे म्हटलं तर त्याचं शरीर ऐकत नाही, तसं माझं ऐकेना.

तेवढ्यात कार्यक्रमवाल्याच्या लक्षात आलं की सासरे समोरच बसलेत. त्याला सोनं सापडलं. त्यानं दिवा तिकडं फिरवायला लावला, कॅमेरा तिकडं वळला. "आजोबा, सूनबाई अडल्यात. तुमची परवानगी असेल तर घेतील नाव. काय म्हणता?"

मी मामाजींकडं बघितलं. नवऱ्यानंही बघितलं. त्यांनी फक्त "घे" म्हणायचं होतं. मला खात्री होती ते म्हणतील. कितीही झालं तरी हिशेबी माणूस होता, आणि पैसे घरातच येणार होते.

मामाजी उठले. टोपी नीट केली. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. कॅमेऱ्याकडं तोंड करून त्यांनी हात जोडले आणि, ज्या माणसाच्या तोंडून मी घरात धड दोन शुद्ध वाक्यं ऐकली नव्हती, तो अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला, "आमच्या घरात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत. लाखाचं बक्षीस असलं तरी नाही."

नाट्यगृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांतच घंटा वाजली. वेळ संपली.

कार्यक्रमवाला स्टेजवरून खाली उतरला, मामाजींच्या पाया पडला, अशी घरं आहेत म्हणून आपली संस्कृती टिकलीय म्हणाला आणि लॉटरीवाल्यांचं नाव छापलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांना भेट दिलं. मला साबणाचा पुडा मिळाला. कोंबड्यासारखं आरवायला सांगितलं नाही, एवढीच मेहरबानी.

परतीच्या गाडीत मामाजी घड्याळ मांडीवर घेऊन बसले होते. शेगाव गेलं. मग डब्यात ओळखीचं कुणी नाही हे बघून ते मला म्हणाले, "घेऊन टाकाचं होतं नाव. मी काय तिथं उठून मारलं असतं का तुले?"

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. मी म्हटलं, "मामाजी, तुम्हीच तर सगळ्यांसमोर नाही म्हणालात."

"ते चार लोकांत सांगा लागते, बाई. तुले समजाले नको का? हातातला पैसा घालवला."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जाऊ दे ना."

घरी सासूबाई दारातच होत्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "काऊन नाही घेतलं वं नाव? तोंडात काय गोटा होता तुह्या?" अंगणात त्यांच्या मागेच तो निंब उभा होता, आणि या बाईला काही आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, सोंग नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी मी डी.एड.चा विषय काढला. मामाजी बैठकीत खिळा ठोकून घड्याळ लावत होते. मागं न वळता म्हणाले, "जिंकली असती तं पाठवलं असतं. मी शब्दाचा पक्का आहे, तुले माहीत आहे." त्या वर्षीचे प्रवेश संपले. पुढच्या वर्षी मोठ्या पोराच्या वेळी दिवस गेले. मास्तरीण मी कधीच झाले नाही. वडिलांना मी उत्तर आलं नाही असंच सांगितलं. पोरीला येत नव्हतं हे त्यांना सोसलं असतं, पण येत असून बोलता आलं नाही हे सोसलं नसतं.

बाजारात मात्र मामाजींचा भाव वाढला. अडतीवर येणारा प्रत्येक शेतकरी ती गोष्ट ऐकून जाई. सुना असाव्यात तर अशा, असं लोक म्हणायचे, आणि मामाजी मान डोलवून म्हणायचे, आपण घरात वळण ठेवलं तर पोरी वळणात राहतात. एकदा भर दुकानात मी डबा घेऊन गेले असताना त्यांनी मला थांबवून लोकांना दाखवलं. बैल दाखवतात तसं.

मग तो भाग टीव्हीवर लागायचा रविवार आला. वरवट बकालहून नणंद आली, तिच्या सासरचे आले. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांतूनही माणसं डोकावत होती. मामाजी कोट-टोपी घालून खुर्चीवर बसले. घरात, टीव्हीसमोर, कोट-टोपी! मी आत चहाची पातेली चढवत होते. मला ते बघायचं नव्हतं, पण ट्रे घेऊन बाहेर यावंच लागलं आणि नेमका तेव्हा माझा पाचवा प्रश्न आला.

मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघितलं. पाटी द्या, लिहून देते, हे माझं बोलणं त्यांनी कापून टाकलं होतं. उत्तर येतं, हेही कापलं होतं. "आपले मोठे" ठेवलं होतं. आणि मग नुसतं माझं तोंड, पडदाभर. उघडतंय, मिटतंय, पुन्हा उघडतंय. मासळी पाण्याबाहेर काढली की करते तसं. त्यावर हशा. बैठकीतली माणसंही हसली. नणंद हसली. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा हसला नाही, पण उठलाही नाही. आणि मामाजी पुढं सरकून बसले होते, कारण आता कॅमेरा त्यांच्याकडं वळणार हे त्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर त्या माणसानं पुन्हा विचारलं, "बोला ताई, वेळ संपत आली. कोण?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि नाव घेतलं.

मोठ्यानं घेतलं. मामाजी नाही, मोठे नाही, पुढं राव नाही, मागं श्री नाही. पोथीत आहे तसं, पैलवानाचं होतं तसं. सतरंजीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत आणि खिडकीबाहेरच्यांपर्यंत पोचेल असं. घंटा अजून वाजायची होती.

पडद्यावर मामाजींनी हात जोडले आणि आमच्या घरात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणाले, आणि तिकडं टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडं कुणी हात हलवला नाही. खुर्चीवरच्या मामाजींची मान हळूहळू माझ्याकडं वळली.

सासूबाई म्हणाल्या, "काय बोलली वं तू?"

"पाचव्या प्रश्नाचं उत्तर," मी म्हटलं, आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून पुन्हा एकदा घेतलं.